नव्या डावातील जुने प्राणी

एखादा जुना खेळ नव्याने घडवावयाचा ठरला म्हणजे घडविणाऱ्याला पुष्कळच मोकळीक असते. पट नवा आखता येतो, नियमांतील काच कमी करता येतो, रंग उजळता येतात, कथेला नवे वळण देता येते. एवढी मोकळीक असूनही एका बाबतीत त्याचा हात सहसा आखडता राहतो. जुन्या खेळातील प्राणी तो जुनेच ठेवतो. पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमच्या संदर्भात ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसून येते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या खेळाची नवी आवृत्ती निघते, यंत्र पूर्वीच्या कित्येक पटींनी समर्थ झालेले असते, चित्रकारांचा ताफा दिमतीला असतो. आणि तरीही पडदा उघडताच समोर उभे राहते ते पूर्वीचेच पिवळे उंदरासारखे जनावर, पूर्वीचाच वाहन म्हणून वापरावयाचा मोठा पक्षी. नवे प्राणी कल्पिण्याची शक्ती आटली म्हणून असे घडते, असा एक सोपा तर्क केला जातो. तो अगदीच खोटा नाही. पण तो फार थोडे सांगतो.

या प्रश्नाचा माग काढावयाचा तर पडद्यापासून थोडे दूर जाणे बरे. बीदर तालुक्यात, कर्नाटकाच्या उत्तर टोकाला, जनवाडा नावाचे गाव आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा जेथे शेजारी नांदतात अशा सीमाभागातले ते गाव. बीदरचा किल्ला तेथून लांब नाही. त्या किल्ल्याचा एक दरवाजा शर्झा दरवाजा या नावाने ओळखला जातो. महमूदशाह बहमनीच्या कारकिर्दीत, १५०३ साली, तो उभा राहिला आणि त्याच्या दर्शनी भागावर दोन वाघ कोरण्यात आले. 'शर्झा' या फारसी शब्दाचा अर्थच मुळी उग्र, खवळलेला असा होतो. आता हे वाघ काही त्या दरवाजासाठी प्रथम कल्पिलेले नव्हेत. त्याच किल्ल्यातील तख्त महालाच्या कमानीवर, रंगीत कौलांच्या कामात, उगवत्या सूर्यासह वाघ पूर्वीच येऊन बसला होता. म्हणजे दरवाजा नवा, दगड नवा, कारागीर नवा. जनावर मात्र जुने. हे घर कोणाचे, हे आत येणाऱ्या परक्याला न विचारता कळावे, एवढ्यासाठी त्याला पुन्हा बोलावले होते.

दरवाजा म्हणजे खेळ नव्हे, हे उघड आहे. परंतु वाघ खेळातही आहेच. महाराष्ट्रात ज्याला वाघबकरी म्हणतात, त्यालाच कन्नड मुलखात आडु-हुलि म्हणतात. आडु म्हणजे शेळी आणि हुलि म्हणजे वाघ. देवळांच्या फरशीवर, ओट्यांवर, पारावरच्या दगडांवर रेघा कोरून याचे पट आखलेले असतात. प्रचलित प्रकारात त्रिकोणी पटावर तेवीस घरे, तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या. बकऱ्या एकेक करून पटावर उतरतात. वाघ शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी घेतो आणि ती बकरी मरते. बकरीला उडी नाही, मारण्याचा अधिकार नाही. तिने करावयाचे ते एवढेच, की दाटीवाटीने उभे राहून वाघाची वाट अडवावी. तिन्ही वाघ हलेनासे झाले की बकऱ्यांनी जिंकले. नेपाळात याचाच एक भाऊबंद खेळला जातो. तेथे वाघ चार आणि बकऱ्या वीस. पट चौकोनी झाला, संख्या बदलल्या, भाषा बदलली; वाघ वाघच राहिला.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्यक्ष खेळताना पटावर वाघ नसतोच. तीन मोठे खडे आणि पंधरा बारीक खडे, किंवा तीन कवड्या आणि पंधरा चिंचोके, एवढेच साहित्य असते. मग त्यांना 'तांबडे' आणि 'पांढरे' म्हणून का भागत नाही? कारण 'वाघ' हा शब्द उच्चारताच अर्धा नियम सांगून होतो. वाघ झडप घालतो, वाघ थोडे असतात, वाघाला एकट्याने गाठता येत नाही, पण कळपाने कोंडता येते. हे सहा वर्षांच्या पोरालाही शिकवावे लागत नाही. प्राणी हा खेळाचा अलंकार नसून खेळाच्या नियमाचे दृश्य रूप आहे. म्हणूनच खेळ पुन्हा घडविताना वाघ काढून टाकणे म्हणजे नियमच पुसणे होय.

पडद्यावरील खेळांतही नेमके हेच घडते. 'रेसिडेंट ईव्हिल २' या जपानी भयखेळाची पहिली आवृत्ती १९९८ साली निघाली आणि तिचे नवे रूप २०१९ च्या जानेवारीत आले. जुन्या खेळात एक किळसवाणा, सोललेल्या देहाचा, लांब जिभेचा प्राणी होता. त्याला डोळे नाहीत. तो केवळ आवाजाच्या रोखाने येतो. त्याच्याजवळून पळत जाणारा मरतो, पाऊल हळू टाकणारा वाचतो. एकवीस वर्षांनी तो परतला तेव्हा त्याची कातडी, त्याचे स्नायू, त्याची हालचाल सारे नव्याने रेखाटलेले होते. तथापि जुन्या खेळाडूने त्याला पाहताच जे केले ते पूर्वीचेच: श्वास रोखला आणि पाऊल हळू टाकले. याउलट त्याच जुन्या खेळातील राक्षसी पतंग आणि प्रचंड कोळी नव्या आवृत्तीत गाळले गेले. ते केवळ दचकविण्यापुरते होते, खेळण्याची रीत त्यांनी बदलली नव्हती. त्या अधिक खऱ्या भासणाऱ्या शहरात त्यांना जागा उरली नाही. जुने ते सारेच परत येते असे नव्हे. चाळणी लागते, आणि ती बरीच निर्दय असते.

मात्र प्राणी परतण्याची सर्वच कारणे अशी रसिकतेची नसतात. काही निव्वळ व्यवहाराची असतात, आणि त्यांचा सर्वांत बोलका दाखला 'पोकेमॉन' या खेळाने दिला आहे. १९९६ साली जपानात 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो प्रथम निघाला. त्याचा कर्ता सातोशी ताजिरी याला लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. खेळही प्राणी गोळा करण्याचाच. पहिल्या खेळात असे १५१ प्राणी होते. खेळ दोन आवृत्त्यांत विकला गेला. काही प्राणी एकीतच सापडत, काही दुसरीतच; म्हणून दोन मुलांनी आपापली यंत्रे तारेने जोडून प्राण्यांची अदलाबदल केल्याखेरीज संग्रह पुरा होत नसे. १९९९ च्या पुढच्या खेळात आणखी शंभर प्राणी आले आणि तेही जुन्या खेळाशी तारेने जोडता येत.

खरी अडचण २००२ साली उद्भवली. नव्या यंत्रासाठी नवा खेळ निघाला, प्राण्यांची एकूण संख्या ३८६ वर गेली; पण जुन्या खेळातून या नव्या खेळात प्राणी आणण्याची वाट बंद झाली. जोडणारी तार होती, यंत्रेही होती, परंतु दोन्ही खेळांची आतली मांडणी एकमेकींशी जुळेना. नव्या खेळाच्या आपल्या मुलखात सुमारे २०० प्राणीच सापडत. उरलेले नोंदवहीत नावापुरते. पकडावयाचे तर कोठे? ज्या मुलाने सहा वर्षे खपून संग्रह केला होता, त्याचा संग्रह जुन्या यंत्रातच अडकून पडला. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणून २००४ साली पहिल्याच खेळाची नवी आवृत्ती 'फायररेड' आणि 'लीफग्रीन' या नावांनी काढण्यात आली. तीत पहिल्या खेळाचा मुलूख, त्याचे रस्ते, त्याच्या गुहा आणि त्यांत राहणारे प्राणी पुन्हा आले, आणि ते २००२ च्या खेळात पाठविण्याची सोयही झाली. वरवर पाहता ती जुन्या आठवणींची पुनर्भेट होती. आतून पाहिले तर तो तुटलेला पूल पुन्हा बांधणे होते. धरणाखाली गेलेल्या गावची माणसे नव्या वसाहतीत आणून बसवावीत, तसे त्या प्राण्यांचे पुनर्वसन झाले असे म्हणता येईल.

या नव्या आवृत्तीतील एक बारकावा मोठा मार्मिक आहे. पहिल्या खेळात एक मोठे वटवाघूळ होते आणि त्याची वाढ तेथेच थांबत असे. १९९९ च्या खेळात त्याला आणखी एक, अधिक वेगवान रूप मिळाले. २००४ च्या आवृत्तीत हे वटवाघूळ पुरते वाढीला आले, तरी मूळ कथा संपेपर्यंत आणि साऱ्या मुलखांची नोंदवही हाती येईपर्यंत त्याचे रूपांतर अडवून धरलेले आहे. यंत्राला ते रूप ठाऊक होते. पण १९९६ च्या जगात १९९९ चा प्राणी शिरू नये, ही मर्यादा कर्त्यांनी पाळली. २०२१ साली दुसऱ्या एका जुन्या खेळाची नवी आवृत्ती निघाली तेव्हाही मूळ खेळाच्या काळापर्यंत अस्तित्वात असलेले ४९३ प्राणी तेवढे घेतले गेले, नंतरचे एकही नाही. पुनर्रचना ही आठवण जागविणारी असावयाची तर नंतरचे जे होते त्याचा विसर पाडणेही तिला भाग असते.

आता, जुना प्राणी पुन्हा आणणे स्वस्त पडते, ही समजूत कितपत खरी आहे? गेम बॉयच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके असत, आणि छटा अवघ्या चार. त्यातल्या काही ठिपक्यांत प्राणी बसवावयाचा. तो धड चतुष्पाद आहे की पक्षी, हेही कित्येकदा पाहणाऱ्याच्या कल्पनेवर सोपवलेले असे. पुढे प्राण्याला सर्व बाजूंनी घडवावे लागले, त्याचे चालणे, चिडणे, झोपणे वेगवेगळे रचावे लागले, आणि लढाईत त्याचे पारडे इतर प्रत्येकाशी तोलून पाहावे लागले. २००९ च्या एका पुनर्रचनेत तर खेळाडूचा आवडता प्राणी त्याच्या मागे मागे चालू लागला. पूर्वी, १९९८ साली, तो मान एकट्या पिवळ्या पिकाचूला होता. ही हौस शेकडो प्राण्यांची पुरवावयाची म्हणजे शेकडो चाली निर्माण करणे आले.

हे ओझे अखेर २०१९ साली असह्य झाले. त्या वर्षीच्या जूनमध्ये कर्त्यांनी जाहीर केले, की येऊ घातलेल्या खेळात सर्व जुने प्राणी नसतील. प्राण्यांची संख्या फार झाली, चित्रणाचा दर्जा आणि लढाईतील समतोल राखणे कठीण झाले, असे कारण देण्यात आले. नोव्हेंबरात खेळ निघाला तेव्हा त्यात ४०० प्राणी होते. एकूण मात्र नऊशेच्या घरात गेलेले. जगभरच्या खेळाडूंनी यावर जो गहजब केला तो बाहेरच्या माणसाला पोरकट वाटावा असा होता. ज्याने कधी खेळ खेळला नाही त्याला एक काल्पनिक सरडा यादीतून गळाल्याचे दुःख कसे समजावे? परंतु त्या सरड्याला कोणी दहा वर्षे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जपून नेलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे तो राग निराळा दिसू लागतो. २०२० साली दोन पुरवण्या काढून आणखी दोनशेहून अधिक जुने प्राणी परत आणण्यात आले. कर्त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. पण खेळाडूंनीही काही नवे मागितले नव्हते. जे आपलेच आहे ते मागे ठेवून पुढे जाण्यास त्यांचा नकार होता.

मराठी मुलखाला हा प्रसंग अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही एक खेळ वारंवार नव्याने घडला आणि त्याचे प्राणी कधी गेले, कधी परतले. तो खेळ म्हणजे गंजिफा. गोल पानांचा हा खेळ बाबराला ठाऊक होता. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफांचा संच पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. अबुल फज्लने 'ऐन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या जुन्या गंजिफांचे वर्णन केले आहे. अश्वपती, गजपती, नरपती अशा त्या रंगांत एक वनपतीचा होता; त्यात राजा वाघ आणि इतर पाने रानटी जनावरांची. दुसरा अहिपतीचा, तो सगळा नागांचा. अकबराने पुढे यातील काही रंग बदलले. धन, वस्त्र, तलवार, मुकुट, गुलाम असे दरबारी रंग त्या सुधारलेल्या संचात दिसतात. महाराष्ट्रात ज्याला चंगकांचनी म्हणत तो आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा खेळही असाच दरबारी थाटाचा. जंगल गेले आणि कचेरी आली.

दशावतारी गंजिफांत मात्र प्राण्यांचे राज्य आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने, मिळून १२० पाने. मत्स्याच्या रंगातील पंजी म्हणजे पाच मासे, कूर्माची सत्ती म्हणजे सात कासवे. आणि येथेही प्राणी नुसता शोभेला बसलेला नाही. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह आणि वामन या पाच रंगांत अंकांच्या पानांपैकी दहा सर्वांत वरचढ आणि एक सर्वांत हलका. परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पाच रंगांत नेमके उलट, एक वरचढ आणि दहा हलका. पानावर मासा दिसला की मोठा आकडा जपावयाचा, परशू दिसला की लहान. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो सुरुवात करतो, रात्री असेल तर कृष्णाचा. म्हैसूरच्या मुम्मडि कृष्णराज वडियार यांनी एकोणिसाव्या शतकात हाच साचा घेऊन तो इतका वाढविला, की त्यांच्या सर्वांत मोठ्या संचात अठरा रंग आणि ३६० पाने झाली. असला डाव राजानेच मांडावा; इतरांना तेवढी सवड कोठून?

सावंतवाडीत चितारी कारागीर दशावतारी गंजिफा बनवीत. कागदाचे थर खळीने चिकटवावयाचे, त्यांवर चिंचोक्याच्या खळीचा आणि खडूचा लेप द्यावयाचा, घोटून गुळगुळीत करावयाचे, मग रंग आणि शेवटी लाख. दरबारी कलमाची पाने नाजूक आणि महाग. बाजारी कलमाची ठसठशीत आणि स्वस्त. बाजारी पानावर कासव म्हणजे एक वाटोळा ठिपका आणि चार फराटे, एवढेच उरे. तरी त्याला कासव म्हणून ओळखण्यात कोणाची चूक होत नसे. गेम बॉयच्या चार छटांची आठवण व्हावी असेच ते रेखाटन. पुढे बावन्न पानांचा छापील विलायती जोड घरोघर पोहोचला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतके राहिले. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या सुमारास या कामात लक्ष घातले. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून सत्त्वशीलादेवींनी स्वतः ही कला शिकून घेतली, आणि राजवाड्याच्या दरबार दालनातच तरुण कारागिरांसाठी काम सुरू करण्यात आले. २०१८ साली सत्त्वशीलादेवींचे निधन झाले. त्यांच्या प्रयत्नाने परतलेले मासे आणि कासवे मात्र तेथे अजूनही रंगविली जातात.

येथपर्यंत ही कथा पडद्यावरील खेळांच्या कथेशी समांतर चालते. पण यापुढे दोघींच्या वाटा फुटतात. पोकेमॉनच्या प्राण्यांना परत यावयास लावले ते खेळाडूंनी. खेळणारे कोट्यवधी होते आणि प्राणी कमी पडत होते. सावंतवाडीत प्राणी परतले ते चित्रकारांमुळे आणि जाणत्या आश्रयदात्यांमुळे; खेळणारे त्यांच्याबरोबर परतले नाहीत. गंजिफांचा संच आज बहुधा भेट म्हणून, दिवाणखान्यातील शोभा म्हणून विकत घेतला जातो. हे गैर आहे असे नव्हे. त्या विक्रीवरच कारागिराची चूल पेटते, आणि चित्र टिकले नसते तर पुढचे काहीच शक्य झाले नसते. परंतु काचेच्या चौकटीत बसविलेला मत्स्य हा आता केवळ मत्स्य आहे. त्याचा दहा वरचढ की एक, हे चौकटीपुढे उभ्या राहणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज राहिलेली नाही.

२००४ साली 'फायररेड'मध्ये पकडलेला एखादा प्राणी, योग्य ती यंत्रे जवळ असतील तर, टप्प्याटप्प्याने पुढच्या खेळांत आणि अखेर २०२० साली सुरू झालेल्या 'होम' नावाच्या साठ्यापर्यंत नेता आला. ही वाट एकेरी आहे, मागे फिरता येत नाही. तरी वाट आहे. वाघबकरीला इतकेही लागत नाही. जनवाड्यापासून सावंतवाडीपर्यंत कोणत्याही ओट्यावर कोळशाने रेघा ओढल्या, अठरा खडे जमविले आणि त्यांतील तिघांना वाघ म्हटले की डाव उभा राहतो. गंजिफांची गोष्ट अधिक अवघड. तीन खेळाडू लागतात, प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येतात, हुकूम नसतो, आणि कोणती पाने पडून गेली हे सारे ध्यानात ठेवावे लागते. हे पुस्तकात वाचून अर्धेच येते. उरलेले समोर बसून खेळणाऱ्याकडून शिकावे लागते. सावंतवाडीहून आणलेल्या एखाद्या संचाची एकशेवीस पाने दुपारच्या वेळी सतरंजीवर पसरली, तर रामाचा राजा कोणाकडे आहे हे प्रथम विचारावयाचे, एवढे तरी त्या तिघांपैकी एकाला ठाऊक असावे लागते.